दुसरा ब्रेक

माझ्या मावशीने आयुष्यभर लोकांना गाडी चालवायला शिकवलं आणि स्वतः मात्र गाडी फारशी चालवलीच नाही. हे ऐकून लोक हसतात. हसू देत. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. मला राग येतो, आणि त्या रागातच मी हे लिहायला बसले आहे.

ड्रायव्हिंग स्कूल माझ्या काकांचं, म्हणजे मावशीच्या नवऱ्याचं. झेरॉक्सचं दुकान आणि पंक्चरवाला यांच्यामध्ये एक शटर, आत एक टेबल, एक बाक आणि एक मोठा काळा फळा. फळ्यावर रस्त्यावरच्या खुणा खडूने काढलेल्या असायच्या. काकांना सगळं गाव 'सर' म्हणायचं. मावशी त्यांच्याकडे शिकायला म्हणून गेली आणि शिकता शिकता लग्न जमलं. "फी वाचवायला लग्न केलं हिने," असं माझी आई अजून म्हणते. त्यावर मावशी म्हणते, "फी भरली असती तर स्वस्तात सुटले असते." लग्नानंतर बायकांची शिकवणी वाढली, बायकांना शिकवायला बाईच बरी असं काकांनी ठरवलं, आणि मावशी गाडीच्या डावीकडच्या सीटवर जाऊन बसली. ती तिथून उठलीच नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. शिकवणीच्या गाडीत डावीकडे, शिकवणाऱ्याच्या पायाशी, आणखी एक क्लच आणि आणखी एक ब्रेक बसवलेला असतो. स्टिअरिंग धरून बसलेला माणूस घाबरला, गोंधळला, ब्रेकऐवजी भलतंच काही दाबायला लागला, की डावीकडून पाय पडतो आणि सगळे जिवंत घरी जातात. मावशीचा पाय पंचवीस-सव्वीस वर्षं त्या ब्रेकवर होता. रस्ता ठरलेला. शटरपासून पाण्याच्या टाकीपर्यंत, टाकीवरून गोल चौकात, चौकातून हॉस्पिटलमागच्या चढावर आणि परत. या रस्त्यावर गाडी चौथ्या गिअरच्या पुढे कधी गेली नाही. पाचवा गिअर कशासाठी असतो असं एकदा कुणीतरी विचारलं, तेव्हा मावशी म्हणाली, "तो दुसऱ्यांसाठी असतो."

तिचा आवाज असा की तिने गाडीत "क्लच!" असं ओरडलं तर पंक्चरवाल्याच्या हातातला पाना खाली पडायचा. त्यावरून तिचं नाव पडलं क्लचमावशी. मी तिची सख्खी भाची, पण बाजारात मला 'क्लचमावशीची भाची' म्हणूनच ओळखतात. मीही तिच्याकडेच शिकले. पहिल्याच दिवशी मी गाडी दुधाच्या टेम्पोवर घालणार होते. तिने डावीकडून ब्रेक दाबला, टेम्पोवाल्याची माफी मागितली, आणि मला म्हणाली, "रडायचं असेल तर न्यूट्रलला टाकून रड."

त्या शाळेची एक रीत होती, काकांनीच सुरू केलेली. शिकणारा तयार झाला असं वाटलं, की शेवटच्या दिवशी शिकवणारा डावीकडच्या सीटवर चपला काढून मांडी घालून बसायचा. दोन्ही पाय वर. म्हणजे आता डावीकडून कुणीही वाचवायला येणार नाही, तुझं तू बघ. तशीच गाडी टाकीवरून, चौकातून, चढावरून फिरवून आणायची. परीक्षा सरकारी असायची ती नंतर, पण आमच्याकडे खरी परीक्षा हीच. पोरंपोरी घरी जाऊन सांगायची, "आज माझी मांडी झाली!" आणि घरचे पेढे नसले तरी निदान चॉकलेट तरी वाटायचे. काकांनी अशी मांडी हजारो लोकांसाठी घातली. मावशीनेही घातली. मावशीसाठी मात्र काकांनी कधी घातली नाही. ती शिकत होती तेव्हा शेवटचा दिवस येण्याआधीच साखरपुडा झाला, आणि मग काकांच्या मते त्याची गरजच उरली नाही.

शाळा बंद झाली ती साध्या कारणाने. मोठ्या रस्त्यावर एका कंपनीने वातानुकूलित वर्ग आणि खोट्या गाडीत बसून शिकायची मशीन आणली. लोक तिकडे गेले. तीनपैकी दोन गाड्या विकल्या. तिसरी पांढरी छोटी गाडी कोणी घेईना, कारण डावीकडचे पेडल बघूनच गिऱ्हाईक पळायचं. लोकांना वाटायचं, या गाडीने खूप ठोकरा खाल्ल्या असणार. खरं तर तिला एक साधा ओरखडा नव्हता, आणि त्याचं श्रेय कुणाला ते वर लिहिलंच आहे.

शटरवरची पाटी उतरवली त्या दुपारी आम्ही सगळे तिथे होतो. मावशी, काका, त्यांचा मुलगा म्हणजे माझा मावसभाऊ, ज्याला मी दादा म्हणते, आणि मी. पाटी खाली आली आणि मावशी हात झटकत म्हणाली, "ही गाडी विकायची नाही. मी हिच्यातून परदेशात जाणार आहे."

दादा विमा कंपनीत आहे. त्याला वाटलं, ती विमानतळाबद्दल बोलतेय. "विमानतळापर्यंत टॅक्सी परवडेल आई."

"विमान कशाला? रस्ता आहे ना. सरहद्द ओलांडायची, पुढचे तीन देश पार करायचे आणि पलीकडच्या समुद्राला गाडीचं तोंड लावायचं. मग मागे फिरायचं."

"कोण चालवणार?"

"मी. जाताना मी, येताना मी."

दादाने वडिलांकडे बघितलं. काका म्हणाले, "बघू." काकांचं 'बघू' आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. ते म्हणजे हळूच दाबलेला ब्रेक.

पुढचे काही महिने त्या घरात जी भांडणं झाली ती मी सगळी सांगत बसत नाही. दादाचं म्हणणं तीन गोष्टींवर होतं. वय, पैसा आणि उलटा रस्ता. वयाबद्दल मावशी म्हणाली, "वय बघूनच निघालेय. आणखी थांबले तर व्हीलचेअर चालवायची वेळ येईल." उलट्या रस्त्याबद्दल, म्हणजे सरहद्दीपलीकडे गाड्या उजव्या बाजूने चालतात त्याबद्दल, ती म्हणाली, "मी आयुष्यभर रस्ता डावीकडून बघितला आहे. उलट्याचं तू मला काय सांगतोस?" पैशाबद्दल मात्र दादाचं बरोबर होतं. पैसा खरंच बेताचा होता. दोन गाड्या विकून आले त्यातले निम्मे दुकानाचं भाडं चुकतं करण्यात गेले होते.

मग तिने शाळेतला फळा घरी आणला. जेवणाच्या टेबलामागे भिंतीला टेकवून ठेवला आणि खडूने त्यावर रस्ता काढला. एका टोकाला आपलं घर, दुसऱ्या टोकाला समुद्र, मध्ये तीन देश. बाजूला रोजचा खर्च. पेट्रोल, टोल, जेवण, झोप. कुठल्याही ओळीतून काही कमी करता आलं की ती ओल्या फडक्याने ती ओळ पुसायची आणि नवा आकडा लिहायची. सगळ्यात आधी हॉटेलं पुसली गेली. मागची सीट काढून तिथे प्लायवूडची फळी, त्यावर गादी. जेवणाला एका बर्नरचा छोटा स्टोव्ह, अंडी, पाव, बटाट्याच्या पिठाची पाकिटं. आंघोळ ट्रकवाल्यांच्या थांब्यावर. खिडक्यांना पडदे हवेत म्हणून तिने शाळेचा कापडी बॅनर कापला आणि शिवला. त्यामुळे गाडीत आडवं झालं की एका खिडकीवर 'शिका' आणि दुसरीवर 'महिलांसाठी स्वतंत्र' असं दिसायचं.

"शेजारचे काय म्हणतील?" दादाच्या बायकोने एकदा विचारलं.

"शेजारच्यांना म्हणावं, यायचं असेल तर पेट्रोलचा वाटा द्या," मावशी म्हणाली.

काका हळूहळू ओढले गेले. आधी लांबून फळ्याकडे बघायचे, मग म्हणायला लागले, "हा टोल चुकवता येईल, जुना रस्ता आहे इथून." मग त्यांनी हत्यारांची पेटी लावली, इंजिनचा जास्तीचा पट्टा आणला, टायर तपासून घेतले. मावशी खूश होती. मला म्हणाली, "हे आले तर बरंच आहे. तिकडे आपलं स्टिअरिंग रस्त्याच्या कडेला येतं. पुढचा ट्रक ओलांडायचा तर मला समोरचं काही दिसणार नाही, डावीकडून कुणीतरी सांगायला हवं." मी विचारलं, "आणि काकांनी स्टिअरिंग मागितलं तर?" ती म्हणाली, "मागू देत. माझ्या पायाने निघायचं आणि माझ्या पायाने थांबायचं, एवढं एकदा करून मरायचं आहे मला. त्यात वाटेकरी नको."

निघायच्या आधी एक सरावाची फेरी करायची ठरली. सकाळी निघून घाटावरच्या गावाला जायचं आणि संध्याकाळच्या आत परत. मावशी स्टिअरिंगवर, काका डावीकडे, मी मागे प्लायवूडवर स्टोव्ह मांडीत धरून. शहराबाहेर मोठा रस्ता लागला आणि मावशीने पाचवा गिअर टाकला. आरशात मला तिचा चेहरा दिसत होता, आणि मला तिचा असा चेहरा आठवत नाही. तिथून पुढे मात्र गाडीचं काहीतरी बिनसलं. चांगली पळता पळता मध्येच धाप लागल्यासारखी मंदावायची. मावशी आणखी रेटायची, गाडी पळायची, पुन्हा मंदावायची. घाटात एका लांबलचक ट्रकला ओलांडताना, अगदी ट्रकच्या बरोबरीला आल्यावर, गाडी अशी रेंगाळली की समोरून येणाऱ्या बसच्या दिव्यांनी माझे डोळे दिपले. मावशी कशीबशी मागे आली. ट्रकवाल्याने आमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. स्टोव्ह माझ्या पायावर पडला.

"ब्रेक चिकटतोय," काका म्हणाले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "ही गाडी आता लांबची नाही."

गॅरेजवाल्या मिस्त्रीने ब्रेक खोलला, साफ केला, काही भाग नवे घातले. पुन्हा फेरी. पुन्हा तेच. मिस्त्रीने यावेळी ब्रेकचा मुख्य पंपच बदलला. त्या बिलानंतर मावशीने फडकं घेतलं आणि फळ्यावरचा तिसरा देश पुसून टाकला. समुद्र आता दोन देशांपलीकडे आला, जवळचा आणि लहान. "एक देश मिस्त्रीच्या खिशात गेला," ती म्हणाली. दादा म्हणाला, "आई, गाडीच सांगतेय, नको जाऊस." मला त्याच्या डोक्यात स्टोव्ह घालावासा वाटला.

तिसऱ्या वेळी मिस्त्रीने हात वर केले. "सर, ब्रेक नव्यासारखा आहे. मला काही सापडत नाही."

मग एका दुपारी मावशी फक्त मला घेऊन निघाली. काकांना डॉक्टरकडे जायचं होतं. मोठ्या रस्त्याला लागलो, पाचवा गिअर, आणि गाडी अशी सरळ, शांत पळाली की मी प्लायवूडवर झोपून जाणार होते. एकदाही मंदावली नाही. परत येताना मावशीच्या कपाळावर आठी होती. घरी आल्यावर तिने फळ्याखालचा खडू उचलला आणि परत खाली गाडीकडे गेली. मी वरून बघत होते. डावीकडचं दार उघडून ती वाकली आणि बराच वेळ काहीतरी घासत राहिली.

दुसऱ्या दिवशी काकांना बरोबर घेऊन आम्ही तिघं मोठ्या रस्त्याने एक चक्कर मारली. गाडी चारदा मंदावली. मावशीने ती सरळ मिस्त्रीच्या गॅरेजमध्ये आणली, इंजिन बंद केलं आणि काकांना म्हणाली, "बूट दाखवा."

"काय?"

"उजव्या पायाचा बूट. तळवा वर करा."

काकांनी पाय उचलला. बुटाचा काळा तळवा खडूने पांढरा झाला होता.

मिस्त्रीने आधी बुटाकडे बघितलं, मग डावीकडच्या पेडलकडे, आणि मग हसू लपवायला तो उगाच दुसऱ्या गाडीचं बॉनेट उघडून उभा राहिला. काका मात्र खरोखर चक्रावले होते. "मी नाही दाबला," ते म्हणाले. "शप्पथ. मला आठवतच नाही." आणि ते खोटं बोलत नव्हते, हे मला त्यांच्या तोंडावरून कळत होतं. आयुष्यभर तो पाय त्या जागी होता. गाडी जरा वेगाने जायला लागली की तो आपला आपण खाली जायचा. मावशीलाही संशय आला नाही, कारण डावीकडच्या माणसाचा पाय ब्रेकवर असतो यात तिला वावगं काही वाटलंच नव्हतं. तीही तशीच बसायची. दोन शिकवणारे एका गाडीत बसले म्हणून एक अख्खा देश गेला.

"हे पेडल काढून टाका," मावशी मिस्त्रीला म्हणाली.

"खबरदार," काका म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. "पेडल काढलं तर मी या गाडीत बसणार नाही. आणि मी बसलो नाही तर ही गाडी कुठेही जाणार नाही."

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. गाडी देशाबाहेर न्यायची तर तिलाही कागद लागतात, जसा आपल्याला पासपोर्ट. गाडी शाळेच्या नावावर, शाळा काकांच्या नावावर, म्हणून त्या कागदांवर सही काकांची. दुसरं म्हणजे, सरहद्दीवर जो विमा घ्यावा लागतो त्यात आमच्या पैशात एकच ड्रायव्हर बसत होता. दुसरं नाव लावायचं तर जवळजवळ दुप्पट. ज्याचं नाव तिथे लिहिलं जाईल त्यानेच पलीकडे गाडी चालवायची, दुसऱ्याने हात लावायचा नाही. फळ्यावर ती ओळ पहिल्यापासून होती आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नव्हतं. काका त्या दिवशी गॅरेजमध्ये बोलले.

"एकच नाव लावायचं ना? मग माझं लाव. मी चालवतो. तू डावीकडे बस. तुझा पाय तरी तिथे शोभतो."

मावशी ताडकन म्हणाली, "तुमचा पाय नको आहे मला, डोळे हवे आहेत. डोळे देणार असाल तर चला."

"नाव माझं असेल तर सही करतो. नाहीतर घरी बसू दोघं."

मला वाटलं, संपलं. आता मावशी नेहमीसारखी काहीतरी टोचून बोलेल, आम्ही घरी जाऊ, फळा माळ्यावर जाईल आणि गाडी भंगारात. मला संतापाने रडू यायला लागलं, पण तिच्यासमोर रडायची सोय नव्हती.

मावशी काकांच्या समोर जाऊन उभी राहिली. घरात ती त्यांना 'अहो' म्हणते. त्या दिवशी तसं म्हणाली नाही.

"सर," ती म्हणाली, "माझी मांडी राहिली आहे."

"काहीतरीच काय!"

"तुम्ही दुधवाल्यासाठी घातलीत, तहसीलदाराच्या बायकोसाठी घातलीत, त्या चष्मेवाल्या पोरासाठी घातलीत ज्याला उजवं-डावं कळत नव्हतं. माझ्यासाठी घाला. मी चुकले तर नाव तुमचं. जन्मभर डावीकडे बसेन, शब्द नाही काढणार."

"माझे गुडघे..."

"टीव्हीपुढे दोन दोन तास मांडी घालून बसता, तेव्हा कुठे जातात गुडघे?"

मिस्त्री बॉनेटमागून म्हणाला, "सर, घाला ना मांडी." काकांनी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने पुन्हा बॉनेटमध्ये डोकं घातलं. पण रीत त्यांची स्वतःची होती, आणि गॅरेजमधल्या निम्म्या लोकांची मांडी त्यांनीच घातलेली होती. सगळ्यांसमोर नाही कसं म्हणणार? त्यांनी बूट काढले. सीटवर चढताना कण्हले, पण चढले आणि दोन्ही पाय वर घेऊन बसले.

मी मागे बसले. तिने मला उतरायला सांगितलं नाही आणि मीही उतरले नसते.

ठरलेलाच रस्ता. टाकी, गोल चौक, हॉस्पिटलमागचा चढ. टाकीपर्यंत काका ताठ बसून होते. चौकात तिन्ही बाजूंनी रिक्षा घुसल्या तेव्हा त्यांचा उजवा पाय मांडीतून सुटून खाली आला. त्यांनी तो दोन्ही हातांनी घोट्याला धरून परत वर ओढला आणि धरूनच ठेवला. मावशी रस्त्याकडे बघत होती. तिने एकदाही त्यांच्याकडे बघितलं नाही. चढावर तिने गाडी नेली, आणि वर पोचणार एवढ्यात गल्लीतून पाण्याचा टँकर मागे मागे येत आमच्या वाटेत आला. भोंगा नाही, माणूस नाही, नुसती ती गंजलेली पाठ. काकांच्या तोंडून एक आवाज निघाला. घोट्यावरचे त्यांचे हात पांढरे पडले, पण त्यांनी पाय सोडला नाही.

मावशीने गाडी थांबवली. टँकर आणि आमच्यात एक माणूस आडवा गेला असता एवढी जागा होती. चढावर गाडी जराही मागे सरकली नाही. टँकर गेला. तिने पुन्हा गिअर टाकला आणि गाडी हळूच पुढे काढली.

चढ संपल्यावर काका म्हणाले, "ब्रेक जरा उशिरा दाबलास."

"दाबला ना?" मावशी म्हणाली. "आणि मी दाबला."

तिसऱ्या दिवशी सकाळी कागदांवर सही करून ते टेबलावर ठेवलेले होते, आणि फळ्यावर काकांच्या अक्षरात एक ओळ होती, 'पेडल काढणे – मिस्त्री फुकट करतो म्हणाला.' नावाबद्दल मात्र त्यांनी काही लिहिलं नव्हतं, आणि मावशीनेही विचारलं नाही. मी विचारायला गेले तर तिने मला डोळ्यांनीच दटावलं. "सही मिळाली आहे. आता मी भीक मागणार नाही," ती म्हणाली. "सरहद्दीवर तोंड उघडायची हिंमत झाली तर उघडू देत त्यांना. मग मी बघते."

निघालो तेव्हा दादा आला होता. त्याने आईला मिठी मारली, वडिलांच्या हातात औषधांचं पुडकं दिलं आणि मला म्हणाला, "काही झालं तर तू जबाबदार." मी म्हणाले, "आणि चांगलं काही झालं, तर तेही माझ्यामुळेच ना?" मी पलीकडच्या पहिल्या गावापर्यंत त्यांच्याबरोबर जाणार होते, तिथून बसने परत. पुढे ते दोघंच.

सरहद्दीला दुपारी पोचलो. आपल्याकडची तपासणी लवकर झाली. मग एक लांब फाटक, आणि फाटकापलीकडे रस्त्यावर मोठे पांढरे बाण रंगवलेले, की आता बाजू बदला. मावशीने गाडी उजव्या कडेला घेतली, जणू रोजच घेत असावी. पुढे केबिन. तिकडच्या गाड्यांत ड्रायव्हर डावीकडे, म्हणून केबिनची खिडकीही डावीकडे. आमच्या गाडीत त्या बाजूला काका बसले होते.

खिडकीतल्या अधिकाऱ्याने आमच्याकडे नीट बघितलंही नाही. हात पुढे केला आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाला की ड्रायव्हरचं लायसन्स द्या, विम्यावर नाव लिहायचं आहे.

कागदांची प्लास्टिकची पिशवी काकांच्या मांडीवर होती. सगळ्यात वर त्यांचं स्वतःचं लायसन्स होतं. मला मागून स्पष्ट दिसत होतं. ते नुसतं पुढे करायचं, एवढंच काम. अधिकाऱ्याला शंकाही आली नसती. तिथे नाव लिहिलं गेलं की मावशीला पुढचे सगळे दिवस डावीकडे बसावं लागलं असतं, आणि आम्हाला ते बदलायला पैसे नव्हते. मावशी समोर बघत होती. दोन्ही हात स्टिअरिंगवर.

काकांनी पिशवी उघडली. बोटं वरच्या लायसन्सवर क्षणभर थांबली. मग त्यांनी ते बाजूला सरकवलं, खालचं काढलं आणि खिडकीत दिलं.

अधिकाऱ्याने फोटो बघितला, काकांकडे बघितलं, पुन्हा फोटो बघितला. "ड्रायव्हर?" त्याने काकांकडे बोट करून विचारलं.

काका गडबडले. इंग्रजी विसरले. दोन्ही हात छातीशी उघडे धरून, त्याला एक अक्षरही कळणार नाही अशा आपल्या भाषेत, ते मोठ्याने म्हणाले, "मी नाही हो. ड्रायव्हर ह्या आहेत. मी त्यांच्याबरोबर आलोय."

अधिकारी केबिनमधून बाहेर आला. गाडीला पुढून वळसा घालून उजवीकडे यायला लागला. मावशीने काच पूर्ण खाली केली. तो खिडकीशी पोचला, पण त्याने अजून तोंडही उघडलं नव्हतं.

"मी चालवतेय," मावशी म्हणाली.